फिलिबेररावांची शिकवणी

फिलिबेर्त पेराशाँनं आयुष्यात दीड हजार वेळा तरी लग्न केलं असेल, आणि दर वेळी नवरा म्हणून. खरं लग्न एकदाच झालं. त्यात बायको तीच होती, असं तिचा नवरा आंतेल्म शपथेवर सांगायचा. क्रुआ-रूसच्या टेकडीवरचे शेजारी म्हणायचे, "असेल बुवा. तू म्हणतोस तर असेल." कारण रविवारी दोघं नदीकाठी फिरायला निघाली, की आंतेल्मची टोपी तिच्या खांद्याच्या खालून चालायची.

फिलिबेर्त लिऑनमधल्या रोनकाठच्या थिएटरात बॅलेचा नायक होती. आधी ती परी होती. पण विशी उलटली तरी उंची काही थांबेना, आणि मागच्या रांगेत ती इतर पऱ्यांमध्ये चर्चच्या मनोऱ्यासारखी दिसू लागली. तेव्हाच्या नृत्यगुरूंनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, परी म्हणून तुझं काही खरं नाही. पण कप्तान म्हणून तू झकास दिसशील."

त्या दिवसांत बॅलेतला पुरुष बघायला कुणी तिकीट काढत नसे. पहिल्या रांगेत दुर्बिणी लावून बसणारे गृहस्थ म्हणत, पुरुषाचे गुडघे आम्हाला घरच्या आरशात फुकट दिसतात. म्हणून मखमली जाकीट आणि तंग तुमान चढवून बाईच नायक व्हायची, नायिकेला कमरेला धरून उचलायची, तिच्यासाठी तलवार उपसायची, आणि शेवटी तिच्याशी लग्न करून पडद्यामागे गरम सूप प्यायची. एकोणीस वर्षांत फिलिबेर्त पाच वेळा कप्तान, दोनदा तुर्की शहजादा, आणि किती हंगाम कोळी होती ते तिलाही आठवत नसे. सारं थिएटर तिला 'फिलिबेरराव' म्हणायचं. डोअरकीपर तर तिला बघून टोपी काढायचा आणि मग ओशाळून पुन्हा घालायचा.

आता वय एकेचाळीस. करार दर हंगामाला नवा व्हायचा, आणि दर फेब्रुवारीत ती नवे बूट घ्यायचं पुढे ढकलायची. कारण फॅशन बदलते. फॅशनमुळेच तिला नायकाचं काम मिळालं होतं, आणि फॅशनच ते काढूनही घेऊ शकत होती.

फॅशनचं तर त्या थिएटरात असं होतं, की कथा कुठलीही असो, कपडे चालू महिन्याचे. यंदा पुन्हा 'नेपल्सची कोळीण' लागणार होती. कोळीण म्हणजे मिलानहून आलेली एर्सीलिया तोरेल्ली. ही कोळीण पहाटे जाळं ओढायला यायची ती कानात हिऱ्याच्या कुड्या घालून आणि केसांची नव्या तऱ्हेची झुलपं कपाळावर काढून. खळ दिलेल्या जाळीच्या तोकड्या झग्याखाली, पाठीमागे, तिनं हट्टानं एक छोटी उशी बांधून घेतली होती. त्या सालात रस्त्यावरच्या प्रत्येक बाईच्या मागे अशी उशी असायचीच. नेपल्सच्या कोळणीनं तेवढं मागं का राहावं?

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कंबर. कोळणीची कंबर दोन हातांच्या ओंजळीत मावली पाहिजे. त्यासाठी कॉर्सेट, त्यात देवमाशाच्या हाडाच्या बावीस काड्या, आणि पाठीवर नाडी. आता अशी आवळलेली बाई उचलणं म्हणजे नुसतं जोराचं काम नव्हे. फिलिबेर्तला प्रत्येक काडी कुठे आहे ते ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या जाकिटाखालीही कॉर्सेट असायचंच, कारण कप्तान झाला म्हणून काय त्याला कंबर नको? ती काड्यांच्या मधल्या जागी बोटं ठेवायची, आणि वाद्यवृंदाच्या ठेक्यावर नव्हे, एर्सीलियाच्या श्वासावर उचलायची. एर्सीलियाला जेवायचं आमंत्रण असलं, किंवा फोटोवाला यायचा असला, की ती नाडी दोन बोटं जास्त ओढून घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही. फिलिबेर्त तिच्या कानाच्या पाळ्या बघायची. पाळ्या लाल झाल्या की श्वास तोकडा. मग अर्धा ठेका थांबायचं.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी व्यवस्थापक दुमोर्तिए साहेबांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. त्यांच्या हातात कुठलंसं वर्तमानपत्र होतं. हातात वर्तमानपत्र असलं की साहेब हमखास काहीतरी नवं करत.

"मंडळी, जग पुढे चाललंय," साहेब म्हणाले. "पीटर्सबर्गला आणि मिलानला पुरुषाचं काम पुरुष करतात. यंदा आपणही करणार. हे बोर्दोहून आलेले फुल्जांस लाकाझ."

मागून चोवीस वर्षांचा एक तगडा तरुण पुढे आला. मान बैलासारखी, दंड ओंडक्यासारखे, चेहरा मात्र पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या मुलासारखा.

"आणि मी?" फिलिबेर्तनं विचारलं.

"तुम्ही यांना भूमिका शिकवा, फिलिबेर्तबाई. रविवारी दुपारी पहिला खेळ. तो चांगला झाला, तर..." साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पुढच्या हंगामाचं मग बोलूच की."

'बोलूच की' म्हणजे काय, ते रंगमंचावरच्या झाडूवालीलाही कळलं.

संध्याकाळी टेकडीवरच्या घरात आंतेल्म मागावर बसला होता. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं पाय थांबवले, आणि माग थांबला तसं घर एकदम सुनं वाटायला लागलं.

"म्हणजे तुझीच खुर्ची ओढून घेणार, आणि ती नीट कशी ओढायची तेही तूच शिकवायचं?"

"असंच दिसतंय."

"मग थोडं चुकीचं शिकव ना. डावा पाय म्हण उजव्याला."

"तुला कुणी चुकीचा ताणा लावायला सांगितला, तर लावशील?"

आंतेल्मनं मागावरचा एक धागा उगाच ओढून बघितला. मग पुटपुटला, "माणूस कोण आहे त्यावर अवलंबून आहे," आणि पुन्हा मागाला लागला.

तालमी सुरू झाल्या. फुल्जांसला पावलं पटापट आली, आणि उचलण्यात तर तो वाघच निघाला. त्याचा बाप वाइनची पिंपं बनवायचा. भरलेली पिंपं उचलून गाडीत ठेवण्यात या पोराचं लहानपण गेलेलं. एर्सीलिया तर पिंपाच्या पावपट. तो तिला उचलायचा, वर धरायचा, आणि पाटी चढवल्यासारखा खांद्यावर बसवायचा. दुमोर्तिए साहेब टाळ्या वाजवायचे. "बघा! याला म्हणतात ताकद!"

फिलिबेर्त बघत होती. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, आणि इतरांच्या आली नव्हती. तालमीला एर्सीलिया सैल सुती चोळी घालायची. कॉर्सेट नाही, उशी नाही. फिलिबेर्त दोनदा म्हणाली, "साहेब, एकदा कॉर्सेट घालून उचलून बघू द्या त्याला." साहेब म्हणाले, "बाई, मत्सर चांगला नव्हे." तिसऱ्यांदा ती बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम झाली. पूर्ण पोशाख, पूर्ण वाद्यवृंद. एर्सीलिया आली ती कुड्या, झुलपं, बावीस काड्या आणि उशीसकट. दुसऱ्या अंकात कोळी समुद्रावरून परततो आणि आनंदानं कोळणीला उचलतो, ती जागा आली. फुल्जांसनं ठेक्यावर, अगदी नेमक्या ठेक्यावर, तिला कमरेला घट्ट धरलं आणि पिंप उचलावं तसं उचललं. मागची उशी त्याच्या नाकावर आदळली, आणि त्याच क्षणी 'कडाक्!' असा आवाज झाला. वाद्यवृंदातल्या ढोलवाल्यानंही मान वर केली.

एर्सीलिया किंचाळली. फुल्जांसनं तिला खाली ठेवलं. पांढराफटक पडून तो म्हणाला, "बरगडी! मी बाईंची बरगडी मोडली!" आणि रंगवलेल्या समुद्रावर धाडकन आडवा झाला.

मोडली होती ती देवमाशाची. कॉर्सेटातली एक काडी तुटून टोचली होती, एवढंच. एर्सीलियानं ती उपसून काढली आणि बेशुद्ध पडलेल्या नायकाच्या छातीवर फेकली. "या बोर्दोच्या हमालाबरोबर मी नाचणार नाही! मी माणूस आहे, पिंप नाही!"

फुल्जांस शुद्धीवर आला तेव्हा दुमोर्तिए साहेबांचा निकाल तयार होता. पोराकडे न बघताच ते म्हणाले, "रविवारी फिलिबेर्तबाईच कोळी करतील. लाकाझ, तुम्ही सोमवारच्या गाडीनं परत जा. आणि फिलिबेर्तबाई, करार मी लिहून ठेवतो. येताय ना सही करायला?"

बघा, कसं असतं! चार दिवस मनात जे मागितलं, ते आपसूक ताटात पडलं. फिलिबेर्तचा जीव भांड्यात पडला. ती कपडे बदलून बाहेर आली. दाराजवळच्या गाडीवरून तिनं शंकरपाळ्यांसारखे तिथले बुन्य घेतले, कढईतून नुकते निघालेले, वर साखर भुरभुरलेले. पुडी घेऊन निघणार, तोच मागच्या पायरीवर फुल्जांस दिसला. गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"खा," तिनं पुडी पुढे केली.

त्यानं एक घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून तो म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही कसं उचलता हो त्यांना? एकोणीस वर्षांत तुमच्याकडून एक काडी मोडली नाही म्हणे. मी कालपासून... म्हणजे सोमवारपासूनच विचारणार होतो. धीर झाला नाही."

फिलिबेर्त तोंडातला घास चावायची थांबली. एकोणीस वर्षं! टाळ्या पडल्या, फुलं पडली. ती फुलं नायिकेला, हे बरोबरच होतं. पण 'कसं करतेस' असं विचारणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. आणि भेटलं ते हे, जाण्याच्या वेळी.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर. कपडेपटात. आणि तो बुन्य खाऊन टाक. पुन्हा तासभर काही खाता येणार नाही."

कपडेपटात तिनं स्वतःचं सगळ्यांत मोठं कॉर्सेट काढलं, फुल्जांसच्या अंगाला गुंडाळलं, त्याच्या पाठीला गुडघा लावला आणि नाडी ओढली.

"आई गं!"

"आईला हाक मारायला अजून वेळ आहे. श्वास सोड."

"सोडला."

"आणखी सोड." तिनं आणखी ओढली. "आता जिना उतर आणि चढून ये."

तो गेला, आणि आला तेव्हा त्याचं तोंड बिटासारखं झालं होतं. एवढ्यात शेजारच्या खोलीतून एर्सीलिया डोकावली आणि दारातच थबकली. बोर्दोचा तो बैल तिला आवळून बांधलेल्या गादीसारखा दिसत होता. तिला हसू आवरेना. सकाळचा राग त्या हसण्यात कुठल्या कुठे गेला.

"फिलिबेरराव, आणखी दोन बोटं! मला तर रोज एवढं असतं."

"रोज?" फुल्जांस घुसमटत म्हणाला. "आणि यात तुम्ही उड्या मारता?"

"आणि हसतेसुद्धा. पगारात ते धरलेलं असतं."

मग फिलिबेर्तनं त्याच्या मागे उभं राहून त्याला कमरेला धरलं. आधी काडीवर बोटं दाबली. तो ओरडला. मग बोटं काड्यांच्या मधे सरकवली. तो ओरडला नाही. "कळलं?" त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, "आता मी तुला उचलणार आहे. घाबरू नको. कधी उचलू?"

"संगीत..."

"चुलीत गेलं संगीत. तुझ्या छातीत हवा कधी येते ते सांग."

तो थांबला. त्यानं कसाबसा इवलासा श्वास आत घेतला, आणि तो पूर्ण व्हायच्या आतच ती म्हणाली, "आत्ता!" आणि पेराशाँबाईंनी पिंपवाल्याच्या पोराला वीतभर का होईना, जमिनीवरून उचललं. क्षणभरच. मग दोघंही टोप्यांच्या पेट्यांवर कोसळली. पण फुल्जांसचे डोळे चमकले होते.

"हलकं वाटलं! मलाच मी हलका वाटलो!"

"तेच तर करायचं असतं, गाढवा. आता तिच्या कानाच्या पाळ्या बघायला शिक."

शनिवारी दिवसभर ती दोघं आणि एर्सीलिया तेच करत राहिली, पूर्ण कॉर्सेट आणि उशीसकट. चाळीस वेळा उचललं. काडी एक मोडली नाही. संध्याकाळी फिलिबेर्त स्वतःहून साहेबांच्या दारात गेली.

"साहेब, पोरगं करेल. उद्या त्यालाच करू द्या."

साहेबांचा आधी कानांवर विश्वासच बसेना. "आणि तुमचा करार? मी तो नायकाच्या कामाचा लिहिलाय."

"ठाऊक आहे," फिलिबेर्त म्हणाली.

एर्सीलिया मागेच उभी होती. "माझी एक अट आहे. पहिल्या खेळाला फिलिबेरराव रंगमंचावर माझ्या हाताच्या अंतरावर हव्यात. याला 'आत्ता' म्हणायला कुणीतरी पाहिजे."

"कशी उभी करू? कोळी दोन दोन?"

"कोळणीची आई करा की."

अशा रीतीनं एकोणीस वर्षांनी फिलिबेर्त रंगमंचावर झगा घालून उभी राहिली. डोक्याला रुमाल, काखेत मासळीची टोपली, आणि मागे, अर्थातच, उशी.

रविवारच्या दुपारच्या खेळाला वरची गॅलरी टेकडीवरच्या रेशीम विणकरांनी भरायची. दुमोर्तिए साहेब कुठल्याही टीकाकारापेक्षा या गॅलरीला घाबरत. कारण पोशाखाच्या साटनमध्ये कुठे सूत मिसळलेलं असलं, की वरून भर प्रवेशात आवाज यायचा, "अहो साहेब, राजकन्येनं अस्तर का घातलंय?" आज तर आंतेल्म पहिल्या बाकावर होता, आणि शेजाऱ्यांना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

पहिला अंक झाला. पहिल्या रांगेतल्या दुर्बिणी फुल्जांसच्या गुडघ्यांकडे वळल्या आणि नाखुशीनं परत गेल्या. दुसऱ्या अंकात कोळी समुद्रावरून आला. खास बॉक्समध्ये पॅरिसची कुणी मोठी शिवणकाम करणारी बाई आली होती म्हणे, त्यामुळे एर्सीलियानं नाडी आज दोन नव्हे, तीन बोटं ओढून घेतली होती. फिलिबेर्तला ते आठ पावलांवरून दिसलं. पाळ्या डाळिंबासारख्या लाल. ठेका जवळ आला. ती टोपली घेऊन पुढे सरकली. 'थांब,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

फुल्जांस आधीच थांबला होता. तो पाळ्यांकडे बघत होता. ठेका निघून गेला, अर्धा ठेका आणखी गेला, एर्सीलियाच्या छातीत कशीबशी हवा आली, आणि तो उचलता झाला. ती कापसासारखी वर गेली. सगळ्या थिएटरनं श्वास रोखला. 'आत्ता' फिलिबेर्तच्या तोंडातच राहिलं.

झालं. आपली गरज संपली, एवढंच तिच्या मनात आलं. पोरगं शिकलं याचा आनंद होता, आणि त्याचंच वाईटही वाटत होतं. ती टोपली धरून तशीच उभी राहिली.

आणि तेवढ्यात नायकाची चाल वाजू लागली. ही चाल तिनं एकोणीस वर्षं ऐकली होती. या चालीला कोळी छाती काढून, लांब ढांगा टाकत, रंगमंचाच्या पुढे येतो आणि एक हात कमरेवर ठेवून प्रेक्षकांना सलाम ठोकतो. फिलिबेर्तच्या डोक्याला माहीत होतं की ती आई आहे. पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारी कोळीण छाती काढून, टोपली आणि उशीसकट, फुल्जांसच्या बरोबरीनं ढांगा टाकत पुढे आली, नेमक्या जागी थांबली आणि असा झोकदार सलाम ठोकला, की टोपलीतला कागदी बांगडा उडून ढोलावर पडला.

मग गॅलरीतून आंतेल्मचा आवाज आला, "अरे, हे तर आमचे फिलिबेरराव!"

वरची गॅलरी उसळली. बाकं बडवली गेली. "फिलिबेरराव! फिलिबेरराव!" खालच्या दुर्बिणीवाल्यांनाही हसू आवरेना. फुल्जांसनं वेळ ओळखली. त्यानं सासूबाईंसमोर वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि गॅलरीनं तर छप्परच डोक्यावर घेतलं. फिलिबेर्तच्या गालावरचे रंग ओघळले. नायक असताना रडायची परवानगी नव्हती. आईला ती होती.

खेळानंतर साहेब आपल्या खोलीत घाम पुसत बसले होते. समोर कोरा कागद होता.

"आया करा," ते म्हणाले. "राण्या, सासवा, चेटकिणी. लोकांना हव्यात तुम्ही. पुढच्या हंगामाचा लिहू?"

"वसंतातल्या बॅलेत चार खलाशी आहेत ना, साहेब? तेही पुरुषच आणणार?"

"आणणार. बोर्दोहूनच."

"म्हणजे चार पिंपवाले. त्यांना कोण शिकवणार?"

साहेबांनी टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "असं पद आमच्याकडे नाही."

"परवापर्यंत कॉर्सेटही पुरुषासाठी नव्हतं," फिलिबेर्त म्हणाली. "तीन वर्षं लिहा. आणि मला कुणी मत्सरी म्हटलं होतं ते मी विसरून जाईन."

साहेबांनी तीन लिहिलं. खाली, दुसऱ्या ओळीत, 'पुरुषांना उचलणे शिकवणे' असंही लिहिलं. वाक्य जरा चमत्कारिक झालं, पण तिनं ते तसंच राहू दिलं.

ती बाहेर आली तेव्हा फुल्जांस पायऱ्यांपाशी वाट बघत होता. तिला बघताच त्यानं शिष्टाचारानं कोपर पुढे केलं. नेमकं त्याच वेळी फिलिबेर्तनंही आपलं कोपर पुढे केलं. एकोणीस वर्षांची सवय. दोघंही कोपरं काढून एकमेकांसमोर उभी राहिली, आणि कुणी कुणाचा हात धरायचा, ते ठरेना.

खाली आंतेल्म गळपट्टा गुंडाळून उभा होता. "अहो राव," तो ओरडला, "धरा कुणीतरी कुणाचातरी हात! सूप गार होतंय!"

फिलिबेर्तनं उसासा टाकला, आपलं कोपर मिटलं आणि पोराच्या दंडावर हात ठेवला. "धर नीट," ती म्हणाली, "आणि पायरीकडे बघ. माझ्याकडे नको. मी तुटणाऱ्यातली नाही."